वादकाच्या रॅकमधील वीज आणि केबल: मांडणी पाठीमागून का सुरू करावी

खानदेशातील बॅन्जो पार्टी, बँड किंवा अहिराणी गाण्यांचे कार्यक्रम करणारा ऑर्केस्ट्रा यांच्या सामानात आता कीबोर्ड आणि ऑक्टोपॅडइतकीच रॅकची पेटीही ठरलेली असते. आत दोन्ही बाजूंना भोके पाडलेल्या लोखंडी पट्ट्या, त्यांवर स्क्रूने कसलेली यंत्रे आणि पुढून-मागून निघणारी झाकणे, एवढीच तिची रचना. या पट्ट्यांवर बसणाऱ्या यंत्राची दर्शनी रुंदी १९ इंच, म्हणजे ४८२.६ मिलिमीटर असते आणि उंची 'यू' या एककात मोजतात. एक यू म्हणजे पावणेदोन इंच, म्हणजेच ४४.४५ मिलिमीटर. ही मापे संगीतवाल्यांनी ठरवलेली नाहीत, ती दूरध्वनी केंद्रांतील चौकटींकडून आली आहेत. मिक्सर एका कंपनीचा, वायरलेस माइकचा रिसीव्हर दुसऱ्या कंपनीचा आणि ॲम्प्लिफायर तिसऱ्या कंपनीचा असला तरी तिन्ही यंत्रे एकाच पेटीत नीट बसतात, ती या ठरलेल्या मापांमुळेच.

पुढची बाजू अशी आपोआप शिस्तीत येते. मागच्या बाजूला मात्र कोणतेही माप ठरलेले नाही. तिथे कोणाचा प्लग उजवीकडे तर कोणाचा डावीकडे असतो, कोणाला थेट २३० व्होल्ट लागतात तर कोणाला ९ व्होल्टचा अडॅप्टर, आणि कोणाची आवाजाची केबल नेमकी विजेच्या वायरीवरूनच न्यावी लागते. बहुतेक जण आधी यंत्रे बसवतात, मग आवाजाच्या केबली जोडतात आणि शेवटी उरलेल्या फटींत अडॅप्टर व एक्स्टेंशन बोर्ड कोंबतात. माझ्या मते हा क्रम पूर्ण उलटा असायला हवा. कार्यक्रमात येणारी घूं-घूं, मध्येच बंद पडणारा कीबोर्ड, जळालेला अडॅप्टर आणि माइकला ओठ लागताच बसणारा झटका यांपैकी बहुतेक तक्रारींचे मूळ विजेच्या मांडणीत असते, आणि ती मांडणी एकदा ठरली की आवाजाच्या केबलींना कोणत्या वाटेने जायचे हे जवळपास आपोआप ठरते.

आधी ओढीचा हिशेब

प्रत्येक यंत्राच्या किंवा अडॅप्टरच्या पाठीवर व्होल्ट आणि ॲम्पिअर लिहिलेले असतात. त्यांचा गुणाकार म्हणजे वॅट. १२ व्होल्ट आणि १.५ ॲम्पिअरचा कीबोर्डचा अडॅप्टर जास्तीत जास्त १८ वॅट देतो. ९ व्होल्ट आणि २ ॲम्पिअरचा ऑक्टोपॅडचा अडॅप्टरही तेवढेच देतो. १२ व्होल्टवर अर्धा-अर्धा ॲम्पिअर घेणारे माइकचे दोन रिसीव्हर मिळून १२ वॅट होतात, छोटे इफेक्ट मशीन १० वॅटच्या आसपास राहते, मिक्सर ४० वॅटचा धरू आणि ट्रॅक वाजवणाऱ्या लॅपटॉपचा चार्जर ६५ वॅटचा. सगळ्यांची बेरीज १६३ वॅट होते. २३० व्होल्टवर ही ओढ पाऊण ॲम्पिअरही भरत नाही, आणि अडॅप्टरमध्ये वाया जाणारी वीज धरली तरी ती एका ॲम्पिअरच्या आतच राहते. घरातला साधा ६ ॲम्पिअरचा प्लग १,३८० वॅटपर्यंत भार घेतो. म्हणजे ॲम्प्लिफायर वगळता रॅकमधील सगळी यंत्रे एकाच प्लगवर निवांत चालतात, त्यांच्यासाठी मंडपात तीन ठिकाणांहून वीज आणण्याची काहीही गरज नसते.

हा हिशेब मुद्दाम सविस्तर मांडला, कारण 'भार वाटून द्यावा' या समजुतीने कीबोर्ड एका बोर्डावर, मिक्सर दुसऱ्या बोर्डावर आणि लॅपटॉप शेजारच्या घरातील प्लगवर लावण्याची पद्धत आपल्याकडे सर्रास आहे. तिने भार हलका होत नाही, आवाजात हम, म्हणजे सलग घूं-घूं, मात्र येतो. त्याचे कारण पुढे येईलच. खरी मोठी ओढ ॲम्प्लिफायरची असते. त्याला १६ ॲम्पिअरचा वेगळा प्लग आणि अडीच चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर द्यावी, पण ती वायरही ज्या मुख्य बोर्डावरून रॅकची वायर निघते तिथूनच काढावी. मोठी वायर ड्रमवर गुंडाळलेली असेल तर ती पूर्ण उलगडावी; गुंडाळलेल्या वायरीची उष्णता आतल्या आत कोंडून तिचे आवरण मऊ पडते.

रॅकच्या आत वीज वाटताना एका एक्स्टेंशन बोर्डात दुसरा आणि दुसऱ्यात तिसरा अशी साखळी करू नये. धुळे जिल्ह्यातील पांझरा नदीवर चालत आलेली सिंचनाची फड पद्धती ज्यांनी पाहिली आहे त्यांना हे लगेच उमगेल: तिथे मुख्य पाटातून प्रत्येक फडाला स्वतंत्र चारी निघते, एका फडातून उरलेले पाणी दुसऱ्याला असा कारभार नसतो. रॅकमध्येही मागच्या बाजूला, वरच्या किंवा खालच्या टोकाला, एक यू उंचीची धातूची वीजपट्टी कसावी, तिच्यात एक एमसीबी, म्हणजे जादा प्रवाहावर आपोआप पडणारा स्विच, असावा आणि प्रत्येक यंत्राची वायर थेट तिच्यावर यावी. पट्टी घेताना सॉकेटची पकड तपासावी. कोणताही प्लग बसेल अशी जी सर्वसमावेशक सॉकेटे मिळतात, त्यांत कोणताच प्लग घट्ट बसत नाही, आणि चोपड्यापासून शहाद्यापर्यंत पिकअप गाडीतून हादरत गेलेल्या रॅकमध्ये ढिला प्लग आतून ठिणग्या टाकत राहतो. तीन पिनांचा आपल्याकडचा ६ ॲम्पिअरचा प्लग ६ ॲम्पिअरच्याच सॉकेटमध्ये सर्वांत नीट धरला जातो.

अडॅप्टर: रॅकमधील सर्वांत दुर्लक्षित भाग

अडॅप्टर ही यंत्राची शेपटी नसून यंत्राचाच बाहेर काढून ठेवलेला भाग आहे, असे मानले तर त्याच्याकडे पाहण्याची नजर बदलते. त्याच्या लेबलवर चार गोष्टी वाचाव्यात. पहिली व्होल्टेज, आणि ते यंत्राला हवे तेवढेच असले पाहिजे. दुसरी म्हणजे बाहेर पडणारी वीज डीसी आहे की एसी. बहुतेक अडॅप्टर डीसी देतात, पण काही इफेक्ट मशीन आणि छोटे मिक्सर एसी अडॅप्टरवर चालतात, आणि पिन तंतोतंत बसली म्हणून डीसीच्या यंत्राला एसी अडॅप्टर जोडला तर यंत्र जाऊ शकते. तिसरी गोष्ट ध्रुवता: गोल पिनच्या आतल्या भागावर अधिक आहे की उणे, हे लेबलवरच्या छोट्या आकृतीत दाखवलेले असते. अनेक कीबोर्डांना आत अधिक लागते, तर गिटारच्या पेडलांना आणि कित्येक ऑक्टोपॅडांना आत उणे लागते. पिनचा बाहेरचा व्यास दोन्हीकडे साडेपाच मिलिमीटर असल्यामुळे मांडवातल्या अंधारात एकाचा अडॅप्टर दुसऱ्यात सहज शिरतो. आतल्या छिद्राचे माप २.१ आणि २.५ मिलिमीटर असे दोन प्रकारचे असते, २.१ ची पिन लागणाऱ्या यंत्रात २.५ ची पिन जाते, पण सैल राहते, आणि मग हात लागला की कीबोर्ड बंद होतो.

चौथी गोष्ट ॲम्पिअर, आणि तिच्याबाबत उलटा गैरसमज आहे. अर्धा ॲम्पिअर लागणाऱ्या यंत्राला दोन ॲम्पिअरचा अडॅप्टर जोडला तर ते जळेल, असे अनेकांना वाटते. तसे होत नाही. यंत्र त्याला लागेल तेवढाच प्रवाह ओढते, अडॅप्टरवरील आकडा ही त्याची देण्याची कमाल मर्यादा असते. कमी आकड्याचा अडॅप्टर मात्र तापतो, त्याचे व्होल्टेज खचते आणि यंत्र मध्येच बंद होऊन पुन्हा सुरू होऊ लागते. याला एकच अपवाद लक्षात ठेवावा. जुने, हातात जड लागणारे ट्रान्सफॉर्मरचे अडॅप्टर बऱ्याचदा अनियंत्रित असतात, आणि त्यांच्यावर भार कमी पडला की ९ व्होल्ट लिहिलेल्या पिनवर प्रत्यक्षात १२-१३ व्होल्टही मिळतात. असा मोठा अडॅप्टर नाजूक यंत्राला जोडण्याआधी मल्टिमीटर लावून पाहावा.

जड अडॅप्टर आणि हलका एसएमपीएस अडॅप्टर यांचे त्रासही निरनिराळे असतात. जडाच्या आत लोखंडी गाभ्याचा ट्रान्सफॉर्मर असतो, त्याच्याभोवती ५० हर्ट्झचे चुंबकीय क्षेत्र पसरते आणि जवळच्या वाद्याच्या पिकअपमध्ये किंवा माइकच्या ट्रान्सफॉर्मरमध्ये ते हम होऊन उतरते. हलक्या अडॅप्टरमध्ये असा हम नसतो, पण तो हजारो वेळा दर सेकंदाला चालू-बंद होणाऱ्या परिपथावर चालतो आणि घटिया प्रतीचा असेल तर बारीक किणकिण किंवा खरखर सोडतो. हलक्याचा फायदा असा की बहुतेक वेळा १०० ते २४० व्होल्टपर्यंतचा कोणताही दाब त्याला चालतो, त्यामुळे गावात संध्याकाळी व्होल्टेज १७० वर आले तरी यंत्र सुरू राहते. जड ट्रान्सफॉर्मर तिथे हात टेकतो.

आता त्यांची जागा. भिंतीच्या सॉकेटसाठी बनवलेला अडॅप्टर रॅकच्या वीजपट्टीवर थेट लावला तर तो शेजारची दोन सॉकेटे झाकतो आणि प्रवासात स्वतःच्या वजनाने खाली ओघळून सैल होतो. म्हणून रॅकच्या मागच्या अर्ध्या भागात एक यू उंचीची छिद्रांची लोखंडी फळी बसवावी, अडॅप्टर तिच्यावर आडवे ठेवावेत, छिद्रांतून वेलक्रोची पट्टी ओवून प्रत्येकाला स्वतंत्र बांधावे आणि वीतभर लांबीच्या जोडवायरीने वीजपट्टीशी जोडावे. दोन अडॅप्टरांत बोटभर अंतर ठेवावे. फोममध्ये गुंडाळणे हा सर्वांत वाईट उपाय आहे. प्रत्येक अडॅप्टरवर आणि त्याच्या पिनजवळ यंत्राचे नाव, व्होल्टेज आणि ध्रुवता लिहिलेली चिकटपट्टी लावावी; आत अधिक असलेल्यांना एक रंग आणि आत उणे असलेल्यांना दुसरा रंग दिला तर ऐन वेळी लेबल वाचत बसावे लागत नाही.

सगळे अडॅप्टर काढून त्यांच्या जागी एकच मोठा वीजपुरवठा घ्यावा का, असा प्रश्न नेहमी येतो. सारख्या व्होल्टेजचे आणि सारख्या ध्रुवतेचे वायरलेस रिसीव्हर असतील तर चांगल्या नियंत्रित पुरवठ्यावरून, प्रत्येक फाट्याला स्वतंत्र फ्यूज देऊन, ते चालवणे सोयीचे ठरते. इफेक्ट पेडलांसाठी मात्र प्रत्येक बाहेरवाट दुसरीपासून विद्युतदृष्ट्या अलग असलेलाच पुरवठा घ्यावा. साध्या फाटेफोड वायरीवर डिजिटल पेडल आणि साधे पेडल एकत्र चालवले तर डिजिटलची किणकिण दुसऱ्यात उतरते. त्याच वायरीवर उलट ध्रुवतेचे एखादे यंत्र असेल आणि आवाजाच्या केबलीच्या जाळीतून, म्हणजे आतल्या तारांभोवतीच्या धातूच्या वेष्टनातून, सगळे एकमेकांना जोडलेले असतील, तर पुरवठा सरळ शॉर्ट होतो. कीबोर्डला त्याचा स्वतःचाच अडॅप्टर असू द्यावा. तिथे काटकसर करू नये.

हम कुठून येतो

आपल्याकडे विजेची वारंवारता ५० हर्ट्झ आहे, म्हणून हमचा स्वरही ५० हर्ट्झचा आणि त्याच्या पटींचा असतो. खर्जातल्या 'म' अक्षरासारखा सलग आवाज येत असेल तर संशय अर्थिंगच्या वेढ्यावर किंवा ट्रान्सफॉर्मरवर घ्यावा. धारदार, करकरीत आवाज असेल तर दिव्यांचे डिमर, निकृष्ट चार्जर किंवा तुटलेली जाळी शोधावी.

अर्थिंगचा वेढा असा तयार होतो. मिक्सर एका बोर्डावर लावला आहे आणि ॲम्प्लिफायर लांबच्या दुसऱ्या बोर्डावर. दोघांचे धातूचे अंग आपापल्या तिसऱ्या पिनमधून जमिनीशी जोडलेले आहे, आणि त्याशिवाय आवाजाच्या केबलीवरील जाळीनेही ते एकमेकांना जोडलेले आहेत. दोन जागच्या अर्थिंगमध्ये व्होल्टेजचा थोडाही फरक असला की त्या फरकाने जाळीतून प्रवाह वाहू लागतो आणि मिक्सर त्यालाही आवाज समजून वाढवतो. सगळी यंत्रे एकाच मुख्य बोर्डावरून चालवली तर सगळ्यांचे अर्थ एकाच बिंदूपाशी येतात, फरकाला जागा उरत नाही आणि हम बहुतेक वेळा तिथेच संपतो. वर ओढीचा हिशेब केला तो यासाठी.

हम घालवण्याचा जो उपाय अनेक जण सांगतात, म्हणजे प्लगची अर्थची पिन काढून टाकणे, तो कोणत्याही परिस्थितीत करू नये. हम जातो हे खरे, पण त्यासोबत यंत्राचे संरक्षणही जाते. पुढे कधी आत फेजची वायर अंगाला टेकली तर मिक्सरचे, माइकचे आणि बॅन्जोच्या तारांचे धातू जिवंत होतात. बॅन्जो वाजवणाऱ्याचे हात एका यंत्रणेच्या तारांवर आणि ओठ दुसऱ्या यंत्रणेच्या माइकवर असतील, तर दोन्ही यंत्रणांतला व्होल्टेजचा सारा फरक त्याच्या शरीरातून जातो. वेढा तोडायचाच असेल तर तो आवाजाच्या वाटेवर तोडावा, विजेच्या वाटेवर नाही. वाद्याचा आवाज मिक्सरला योग्य रूपात देणाऱ्या डीआय बॉक्स या छोट्या पेटीवर त्यासाठी अर्थ अलग करण्याचे बटण असते. ते फक्त केबलीची जाळी सोडवते, प्लगच्या पिनला हात लावत नाही. रॅकच्या वीजपट्टीआधी ३० मिलिॲम्पिअरचा आरसीसीबी, म्हणजे विजेची गळती होताच पडणारा स्विच, बसवणे हा खर्च मिक्सरच्या किमतीपुढे किरकोळ आहे. तो वारंवार पडत असेल तर तो काढून टाकू नये. गळती कोणत्या यंत्रात आहे ते एकेक प्लग काढून शोधावे.

लॅपटॉपचा वेगळा उल्लेख करायला हवा, कारण अहिराणी गाण्यांचे कार्यक्रम आता मोठ्या प्रमाणात ट्रॅकवर चालतात. लॅपटॉपच्या हेडफोनच्या छिद्रातून मिक्सरमध्ये केबल घातली आणि चार्जर लावला की किर्रर्र आवाज सुरू होतो, चार्जर काढला की थांबतो. तीन पिनांच्या चार्जरने अर्थिंगचा वेढा होतो, तर दोन पिनांच्या चार्जरमधून अल्प गळती येते आणि हाताला मुंग्या आल्यासारखे होते. दोन्हींच्या आवाजावर उपाय एकच: मधे डीआय बॉक्स किंवा ट्रान्सफॉर्मर असलेला आवाजाचा आयसोलेटर घालावा. बॅटरीवर कार्यक्रम निभावून नेणे हा उपाय वरात वेळेवर निघाली तरच पुरतो.

बॅन्जोचा हम मात्र अनेकदा वेढ्याचा नसतो. विजेवरच्या बॅन्जोतील पिकअप म्हणजे चुंबकाभोवती गुंडाळलेली बारीक तार. तारांचे कंपन ती जसे उचलते तसेच आजूबाजूचे चुंबकीय क्षेत्रही उचलते. वाद्य हातात धरून थोडे फिरवले आणि हम कमी-जास्त झाला तर दोष क्षेत्राचा आहे. अशा वेळी वादकाने ॲम्प्लिफायरपासून आणि जड अडॅप्टरांपासून दोन-तीन हात दूर बसावे, वाद्यापासून डीआय बॉक्सपर्यंतची केबल तीन-चार मीटरच्या आत ठेवावी आणि पुढचा सगळा प्रवास बॅलन्स्ड, म्हणजे जाळीच्या आत दोन तारा असलेल्या, केबलीने करावा. लांब साध्या केबलीची धारकता मीटरमागे साधारण १०० पिकोफॅराड असते आणि ती वाढली की बॅन्जोच्या आवाजातली धार बोथट होते, हाही तोटा यातून टळतो.

आवाजाच्या केबली

विजेचा भाग असा बसल्यावर आवाजाच्या केबलींना फारसे प्रश्न उरत नाहीत. मागून पाहताना सगळी वीज एका बाजूच्या पट्टीने आणि सगळा आवाज दुसऱ्या बाजूच्या पट्टीने न्यावा. जिथे दोघांना एकमेकांना ओलांडणे भागच आहे तिथे ती काटकोनात ओलांडावीत. समांतर धावणाऱ्या वायरी एकमेकींत जास्त शिरतात. एक्सएलआर केबलीत पिन १ ला जाळी, २ ला सुलट आणि ३ ला उलट असा आवाज जातो. वाटेत शिरलेला गोंगाट दोन्ही तारांत सारखाच असतो आणि पुढचे यंत्र दोन्हींमधला फरकच घेत असल्यामुळे तो वजा होतो. हे संरक्षण साध्या दोन भागांच्या जॅकच्या केबलीला नसते, म्हणून तिची लांबी जेवढी कमी ठेवता येईल तेवढी बरी. स्पीकरला जाणारी वायर वेगळीच असते आणि ती जाळीची नसते. बाहेरून एकसारख्या दिसणाऱ्या जॅकमुळे ॲम्प्लिफायर ते स्पीकर या वाटेवर वाद्याची बारीक केबल लावली जाते आणि ती तापते. स्पीकॉन जॅक आल्यापासून ही गफलत टाळणे सोपे झाले आहे, कारण तो दुसऱ्या कशात बसतच नाही.

रॅकसाठी एकच मोठा खर्च करायचा असेल तर तो मागच्या जोडणी-पट्टीवर करावा. ही एक किंवा दोन यू उंचीची भोकांची पट्टी असते, तिच्यावर बाहेरच्या बाजूने एक्सएलआर आणि स्पीकॉनची सॉकेटे असतात आणि आतल्या बाजूने ती कायमची यंत्रांना जोडलेली असतात. मांडवात पोहोचल्यावर सगळ्या केबली या पट्टीवर येतात, यंत्राला कोणी हात लावत नाही, आणि कोणाचा पाय केबलीत अडकला तर ओढ पट्टीच्या लोखंडावर येते, मिक्सरच्या आतल्या नाजूक सॉकेटवर येत नाही. शिवाय रात्री उशिरा घाईत सामान आवरणाऱ्या पोरालाही कोणती केबल कुठे, हे पट्टीवर लिहिलेले वाचता येते.

आतल्या केबलींची लांबी मोजून करून घ्यावी, पण तंतोतंत करू नये. यंत्र पुढून वीतभर बाहेर ओढता आले पाहिजे इतकी ढील प्रत्येक केबलीला असावी. इंटरनेटवरच्या छायाचित्रांत नायलॉनच्या टायने आवळून आवळून बांधलेले जे देखणे रॅक दिसतात त्यांच्याविषयी मला फारसा आदर नाही. त्यांतली एक केबल बदलायची तर वीस टाय कापावे लागतात, घट्ट टायखाली केबलीचे आवरण चेपते आणि कापलेल्या टायची टोके हात ओरबाडतात. वेलक्रो दिसायला साधा, पण रात्री अकरा वाजता उघडता येतो. प्रत्येक केबलीच्या दोन्ही टोकांना एकच क्रमांक लावावा.

मांडवाची वीज, मे महिना आणि श्रावण

रॅक कितीही नीट असला तरी त्याला वीज मांडवाची मिळते. तीन फेजच्या जोडणीत प्रत्येक फेज आणि न्यूट्रल यांच्यात २३० व्होल्ट असतात, तर दोन फेजमध्ये सुमारे ४०० व्होल्ट. मुख्य न्यूट्रल सैल झाला किंवा तुटला तर जास्त भाराच्या फेजवर व्होल्टेज पडते आणि कमी भाराच्या फेजवर ते चढत जाऊन ४०० च्या जवळ पोहोचू शकते. आपला रॅक एक ॲम्पिअरही ओढत नाही, म्हणजे तो नेमका कमी भाराच्या बाजूला असण्याची शक्यता मोठी. २४० व्होल्टपर्यंतचे अडॅप्टर अशा वेळी एका क्षणात जातात आणि एमसीबी पडतही नाही, कारण तो जादा प्रवाहावर पडतो, जादा दाबावर नाही. त्यामुळे ठरावीक मर्यादेच्या वर-खाली दाब गेला की वीज तोडणारे संरक्षक उपकरण वीजपट्टीच्या आधी असावे, आणि प्लग लावण्यापूर्वी मल्टिमीटरने फेज-न्यूट्रल, फेज-अर्थ आणि न्यूट्रल-अर्थ अशी तीन मोजमापे घ्यावीत. पहिली दोन जवळपास सारखी आणि तिसरी दोन-तीन व्होल्टांच्या आत असेल तर बहुधा सगळे ठीक आहे. फेज-अर्थ शून्याच्या आसपास दाखवत असेल तर त्या सॉकेटला अर्थिंग नाही किंवा फेज-न्यूट्रल उलटे आहेत. मंडपवाल्याकडून ते दुरुस्त करून घेतल्याशिवाय प्लग घालू नये. तारेवर आकडा टाकून घेतलेल्या विजेत अर्थिंग मुळात नसतेच.

वरातीच्या गाडीवर जनरेटर किंवा बॅटरीचा इन्व्हर्टर असतो. जनरेटरवरचा मोठा भार एकदम बंद झाला की व्होल्टेज क्षणभर उसळते, म्हणून दिवे आणि ॲम्प्लिफायर एका दमात बंद करू नयेत. इन्व्हर्टर साइन वेव्हचाच घ्यावा. चौकोनी लाटेवर जड अडॅप्टर गुणगुणतात, तापतात आणि त्यांचा करकरीत आवाज थेट भोंग्यातून ऐकू येतो. चालू करताना आधी वाद्ये आणि लॅपटॉप, मग मिक्सर आणि सर्वांत शेवटी ॲम्प्लिफायर, बंद करताना आधी ॲम्प्लिफायर, हा क्रम स्पीकर वाचवतो.

लग्नसराईचा ऐन हंगाम आणि जळगाव-भुसावळचा पारा ४५ अंशांच्या घरात असण्याचे दिवस एकच. अनेक यंत्रांच्या माहितीपत्रकात काम करण्याची मर्यादा ४० अंशांपर्यंतच दिलेली असते, आणि उन्हात उभ्या असलेल्या काळ्या पेटीच्या आतले तापमान बाहेरच्यापेक्षा बरेच वर असते. वीजपुरवठ्यातील इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरचे आयुष्य तापमान १० अंशांनी वाढले की साधारण निम्मे होते, असा ठोकताळा आहे. अडॅप्टर आधी का मरतात याचे उत्तर त्यात आहे. वजनामुळे ॲम्प्लिफायर तळाला ठेवणे भाग पडते, पण मग त्याच्यावर एक यू जागा जाळीच्या पट्टीने मोकळी सोडावी आणि अडॅप्टरांची फळी त्याच्या लगेच वर न ठेवता रॅकच्या वरच्या भागात, जिथे मागचे झाकण उघडे असते तिथे ठेवावी. ॲम्प्लिफायरचा पंखा हवा कोणत्या दिशेने फेकतो ते हात लावून पाहावे आणि रॅकमध्ये वेगळा पंखा बसवला तर त्याची दिशाही तीच ठेवावी. कार्यक्रमात पुढचे आणि मागचे दोन्ही झाकण काढलेले असावेत. सावलीसाठी टाकायचे कापड पेटीला चिकटून न टाकता वर हातभर उंचीवर बांधावे.

उन्हाळ्यात काळ्या मातीची धूळ पंख्याच्या जाळीत आणि जॅकच्या छिद्रांत जाऊन बसते. श्रावणात कानबाई या खानदेशातील देवीच्या कार्यक्रमांना रॅक पुन्हा बाहेर निघतो तोवर त्या धुळीवर दमट हवा बसलेली असते, आणि जॅक फिरवला की खरखर सुरू होते. जूनमध्ये हंगाम संपताच पंख्याच्या जाळ्या ब्रशने झाडाव्यात, जॅक आणि सॉकेटे कॉन्टॅक्ट क्लीनरने साफ करावीत, प्रवासात ढिले झालेले वीजपट्टीतले स्क्रू वीज तोडून पुन्हा कसावेत आणि आरसीसीबीचे चाचणीचे बटण दाबून तो पडतो का ते पाहावे. मागच्या झाकणाच्या आतल्या बाजूला जोडणीचा कागद प्लास्टिकमध्ये घालून चिकटवावा: कोणता क्रमांक कोणत्या यंत्राचा, कोणत्या अडॅप्टरला किती व्होल्ट आणि आत अधिक की उणे. त्याच झाकणाच्या खिशात कीबोर्डचा आणि ऑक्टोपॅडचा एकेक जादा अडॅप्टर, योग्य आकड्याचे फ्यूज आणि मल्टिमीटर ठेवावा. फ्यूज उडाल्यावर त्याच्या जागी चांदीचा कागद गुंडाळून काम भागवण्याची वेळ येते ती बहुधा हे फ्यूज खिशात नसल्यामुळे.